एकोणीस शून्यं

“मग ती एकोणीस शून्यं गेली कुठे?” मुजावर सरांनी विचारलं.

शलाकानं मांडीवरची पिशवी सारखी केली.

सर पावट्याच्या शेंगा सोलत होते. मिरजेत दर्ग्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढं पडवी, पडवीत सतरंजी, सतरंजीवर सूप. सत्तरी उलटली होती, पण बोटं अजून भराभर चालत.

तीस वर्षं त्यांनी तंत्रनिकेतनात संगणकाचा प्रोग्राम लिहायला शिकवलं. मुलं आधी कागदावर लिहायची आणि मग ते मोठ्यानं वाचून दाखवायची. वाचताना जिथं जीभ अडखळली, तिथं चूक आहे असं सर म्हणत. त्यांचे विद्यार्थी आता पुण्याला होते, बंगळुरूला होते, परदेशात होते. कौतुक मात्र त्यांच्या तोंडून सहसा कुणी ऐकलं नव्हतं.

शलाका खराडेनं ऐकलं होतं. एकदाच. “हिच्या हाताला फालतू ओळ लागत नाही,” असं ते भर वर्गात म्हणाले होते. त्या एका वाक्यावर ती पुढची नऊ वर्षं जगली. नऊ वर्षांत या पडवीत मात्र एकदाही आली नाही.

आज आली होती. दुपारची वेळ होती. चपला काढून ती पायरीजवळच बसली आणि बसताच म्हणाली होती, की एका माणसानं फोनमध्ये एकोणीस दिवस शून्य भरलं, ते वर पोचलंच नाही आणि गावात एक जीव गेला.

“मी विचारलं काहीतरी,” सर म्हणाले.

“कुठेच गेली नाहीत, सर. फोनमध्येच राहिली.”

“का?”

“मी तसं लिहिलं होतं म्हणून.”

“वाचून दाखव.”

तिला वाटलं होतं, सर आधी पाणी विचारतील. कशी आहेस म्हणतील.

ती सांगू लागली.

शलाका पुण्याच्या एका कंपनीत होती. मिरजेच्या शेजारच्या एका जिल्ह्यातल्या गावांच्या पाण्याचं काम कंपनीला मिळालं होतं. प्रत्येक गावात एक जलसुरक्षक असतो. रोज सकाळी तो काचेच्या नळीत नळाचं पाणी धरतो, त्यात औषधाचे दोन थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं, तर त्यात क्लोरीन आहे, पाणी पिण्याजोगं आहे. पिवळेपणा जोखून तो आकडा लिहितो. रंग आलाच नाही, तर शून्य. हा आकडा पूर्वी वहीत जायचा. आता तो फोनमध्ये भरायचा, म्हणजे तालुक्याच्या कचेरीतल्या पडद्यावर उमटतो. आकडा घसरला की पडदा लाल व्हायचा, आणि आरोग्य खात्याची माणसं त्या गावात जायची.

फोनमधला भाग शलाकाचा. तिनं ‘चाचणी’ नावाचा क्लास, म्हणजे रोजच्या नोंदीचा साचा, लिहिला. त्यात गाव, तारीख, तपासणाऱ्याचं नाव, क्लोरीनचा आकडा, अशा प्रॉपर्टी, म्हणजे रकाने. पाठवायच्या वेळी या सगळ्याचा जेसन व्हायचा, म्हणजे साध्या मजकुराची एक ओळ: नाव आणि त्यापुढं आकडा, पुन्हा नाव, पुन्हा आकडा. कुठल्या प्रॉपर्टीनं त्या ओळीत जायचं, कुठल्या नावानं जायचं, कुणी घरातच बसायचं, हे सांगायला प्रत्येकीच्या डोक्यावर चौकोनी कंसात एक शब्द लिहिता येतो. त्याला ॲट्रिब्यूट म्हणतात. इवलासा शब्द असतो, पण त्याच्या हुकुमाबाहेर काही जात नाही.

डोंगरातल्या गावांत रेंज नव्हती. ओळ जितकी लहान, तितकी ती पोचण्याची आशा जास्त. शलाकानं सगळ्या आकड्यांच्या डोक्यावर लिहून टाकलं, की आत काही भरलेलं असेल तरच पाठव.

ओळ निम्म्यावर आली. कंपनीनं तिला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या. नव्या आलेल्या मुलांना ती हेच शिकवू लागली.

“आणि शून्य?” सरांनी विचारलं.

“आकड्याच्या जागी कुणी काही भरलं नाही, तर संगणक तिथं आपणहून शून्य धरतो, सर. तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तू वाच.”

“त्यामुळं शून्य दिसलं की त्याला वाटतं, इथं कुणी काही भरलंच नाही. मग तो ते पाठवत नाही.”

तिची जीभ अडखळली. सरांनी वर पाहिलं नाही.

“तिकडं पडद्यावर काय व्हायचं?”

“आकडा आला नाही, तर आदल्या दिवशीचा दाखवायचा. रेंज नसेल म्हणून. तो भाग माझा नव्हता.”

“बरं.”

सरांनी एक शेंग उकलली. आत दाणा नव्हता. ती उघडी शेंग त्यांनी तिच्यापुढं धरली.

“यात किती?”

“एकही नाही.”

दुसऱ्या हातानं त्यांनी सुपातली एक न सोललेली शेंग उचलली.

“आणि यात?”

“... माहीत नाही.”

सरांनी दोन्ही शेंगा तिच्यासमोर सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पुन्हा सोलू लागले.

शलाका त्या शेंगांकडं बघत राहिली.

“कोण गेलं?” सरांनी विचारलं.

“चौसष्ट जणांना कावीळ झाली.”

“कोण गेलं, विचारलं मी.”

“सुवर्णा माळवदे. बावीस वर्षांची. सातवा महिना होता. गरोदर बाईला ही कावीळ सोसत नाही, म्हणतात डॉक्टर.”

“गाव?”

“कासारवेळे. डोंगरापलीकडं आहे.”

“आणि शून्य भरणारा?”

“दगडू ऐवळे. त्याला कामावरून काढलं. क्लोरीनची पूड संपली आणि त्यानं कळवलं नाही, असा ठपका आहे. तालुक्याच्या पडद्यावर सगळे दिवस पॉइंट पाच, म्हणजे चांगलं पाणी, दिसत होतं ना... चौकशीवाले म्हणाले, त्यानं तपासणी केलीच नाही, नुसताच आकडा भरला.”

“त्यानं भरलं होतं, याला पुरावा?”

शलाकानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

“त्याचा फोन जप्त करून आमच्याकडं पाठवला होता. मी उघडला. एकोणीस नोंदी आहेत. रोज सकाळी पावणेसातच्या आसपास. क्लोरीन शून्य. पुढं त्याचं नाव. मी दोन पानांवर छापून घेतलंय.”

“त्याचं नाव पडद्यावर नव्हतं?”

“नाही. नावावरही मीच ॲट्रिब्यूट लावलं होतं, पाठवू नको म्हणून. गावाचा क्रमांक जात होता, मला वाटलं नावाची गरज काय.”

सरांचे हात थांबले नाहीत.

“चौकशीला काय लिहून दिलंस?”

“कंपनीतले साहेब म्हणाले, फोनमध्ये काही सापडलं नाही असं लिही. मी तसं नाही लिहिलं, सर. मी खोटं लिहिलं नाही.”

“काय लिहिलंस?”

“‘फोनमधील नोंदी तपासता आल्या नाहीत.’”

सरांनी पुढची शेंग उकलली.

“नवीन प्रोग्राम पाठवलाय आता,” शलाका म्हणाली. “ती ओळ काढली. चार मिनिटांचं काम होतं. बरोबरच्या टिपणात लिहिलं, किरकोळ सुधारणा.”

“किरकोळ.”

“तसंच लिहितात, सर.”

“मग माझ्याकडं कशाला आलीस?”

तिच्या मनात कितीतरी दिवसांपासून एक वाक्य होतं. पुण्याहून येताना गाडीत ती तेच घोळवत आली होती. आता ते बाहेर पडलं.

“तुम्हीच शिकवलंत. जे नाही, ते कशाला बोलायचं, असं तुम्ही दर तासाला म्हणायचात. माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मी तेच केलं. सगळ्या जिल्ह्यात तेच केलं.”

सरांचा हात सुपात थबकला.

“म्हणायचो,” ते म्हणाले.

“मग शून्य म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे का नाही सांगितलंत तेव्हा?”

सरांनी बोटांना चिकटलेली सालं झटकली.

“सांगा ना, सर.”

“तू हुशार होतीस. मला वाटलं, एवढं तुला ठाऊक असेल. हुशार पोरांना मी नेहमी थोडं कमीच शिकवलं.” त्यांनी सूप बाजूला सारलं. “ती माझी चूक.”

शलाकाला हेच हवं होतं. हे ऐकायलाच ती आली होती. पण ऐकल्यावर हातात काहीच आलं नाही.

सर उठले. खुंटीवरची टोपी घेतली, सोललेल्या दाण्यांवर ताट झाकलं.

“कासारवेळ्याला एसटी जाते?”

“आत्ता?”

“ती दोन पानं घे.”

*

एसटीला दोन तास लागले. शलाकानं दोनदा पानं काढून पाहिली आणि दोनदा आत ठेवली. घाट चढताना तिच्या मनात आलं, आपण उतरून जावं. वळणावर गाडी हळू झालीही होती. पण सर शेजारी बसले होते, खिडकीकडं तोंड करून, आणि त्यांच्या गुडघ्याला वळसा घालून जाणं तिच्यानं होईना.

फाट्यावर चहाची टपरी होती. सरांनी दगडू ऐवळ्याचं घर विचारलं.

टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली नाही. “त्याच्याकडं काय काम?”

“भेटायचंय.”

“वड्याच्या अंगाला. शेवटचं घर.” तो दुसरीकडं बघत म्हणाला. “सांभाळून. पाणी पिऊ नका.”

घर पत्र्याचं होतं. दारात पन्नाशीचा एक माणूस दोरी वळत बसला होता. अंगात पंचायतीचा निळा शर्ट, खिशावरचं नाव उसवलेलं. पाहुणे बघून तो उठला, घोंगडी झटकून अंथरली आणि आत डोकावून काहीतरी बोलला. मग स्वतःच थांबला.

“पाणी इचारत न्हाई,” तो म्हणाला. “हल्ली माझ्या हातचं कोन घेत न्हाई. आदी बी कमीच घ्यायचे. आता निमित्तच झालं.”

“मी घेईन,” सर म्हणाले.

दगडूनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. आतून दोन पेले आले. पाणी उकळून निवलेलं असावं, त्याला धुराचा वास होता. सरांनी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी संपवूनच खाली ठेवला.

शलाकानं पेला हातात धरला. तिच्या पिशवीत पुण्याहून आणलेली पाण्याची बाटली होती. ओठांपर्यंत नेलेला पेला तिनं परत घोंगडीवर ठेवला.

दगडूनं ते पाहिलं. काही न बोलता तो पेला उचलून त्यानं आत नेऊन ठेवला.

“तुम्ही चौकशीचं का?” बाहेर येऊन त्यानं विचारलं.

“नाही,” शलाका म्हणाली. “मी... फोनमधला प्रोग्राम माझा आहे. त्यात चाचणीचा जो क्लास होता, त्याच्या एका प्रॉपर्टीवर—”

“त्याच्या भाषेत सांग,” सर म्हणाले.

ती थांबली. आपल्याला ती भाषा येत नाही, असं तिला वाटलं. मग ती बोलली.

“तुम्ही रोज शून्य भरलंत. फोननं ते पाठवलंच नाही. शून्य असलं तर पाठवू नको, असं फोनला मी सांगून ठेवलं होतं.”

दगडूनं हातातली दोरी गुडघ्यावर ठेवली.

“पर गेलं म्हनून हिरवी खूण यायची.”

“यायची. बाकीचं जायचं म्हणून यायची.”

“रोज यायची. म्या बघूनच घरला यायचो.”

“हो.”

“पूड संपली म्हनून ग्रामसेवकाला बी सांगितलं दोनदा. त्यो म्हनला, साहेबाच्या पडद्यावर पॉइंट पाच हाय, तू काय साहेबापेक्षा शाना झालास? मला वाटलं, वर दिसतंय त्येंना. वरनं पूड येनार आसंल.” तो बोलायचा थांबला. ओढ्यापलीकडं कुठंतरी पंप चालू होता. “वर दिसतच नव्हतं म्हना की.”

“नाही.”

“मग येकोनीस दिस म्या कुनाला सांगत हुतो?”

शलाका पिशवीचा बंद सोडू लागली.

दगडू तिच्या उत्तराची वाट बघत होता. त्यानं खरोखरीच विचारलं होतं. त्याला वाटत होतं, जिनं फोनमधलं हे सगळं केलं तिला हे माहीत असणार.

शेवटी तिनं पिशवीतून ती दोन पानं काढून त्याला दिली. त्यानं ती उन्हात धरली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. एकोणीस ओळी त्यानं बोटानं वाचल्या.

“माझं नाव हाय ह्यात. दर खेपंला हाय.”

“हो.”

“हे तरी वर गेलं हुतं?”

“नाही. नावही मीच थांबवलं होतं.”

“का?”

“गरज वाटली नाही.”

दगडूनं मान हलवली. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं शलाकाला वाटलं. पानांची घडी घालून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली आणि सरांकडं वळला.

“आन् तुमी कोन, चाचा?”

सरांनी टोपी काढून हातात घेतली.

“हिला शिकवणारा,” ते म्हणाले.

दगडूनं त्या टोपीकडं पाहिलं. मग त्यानं दोरी उचलली आणि पुन्हा वळायला लागला.

*

दोन महिन्यांनी शलाका पुन्हा मिरजेला आली. ऊन आता पडवीच्या आतपर्यंत येत होतं. सर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी जवळच्या जागेवर हात थोपटला.

“सांग,” ते म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं. तिनं चौकशी अधिकाऱ्याला लेखी जबाब दिला होता. कुठली ओळ, कुणी लिहिली, कधी लिहिली, का लिहिली. आधीचं पत्र खोटं होतं, हेही तिनं लिहून दिलं. खाली सही, तारीख. कंपनीनं तिला त्याच आठवड्यात घरी बसवलं. ज्या मुलांना ती शिकवायची, त्यांच्यापैकी एकाचाही फोन आला नाही.

“अहवाल?”

“आला. ‘तांत्रिक कारणामुळे काही नोंदी प्राप्त झाल्या नाहीत.’ एवढंच. माझं नाव नाही त्यात. कंपनीचंही नाही. कुणाचंच नाही.”

“तू विचारलंस?”

“विचारलं. अधिकारी म्हणाले, बाई, नावाची गरज काय?”

सरांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

“दगडूला परत घेण्याचा आदेश निघाला,” ती म्हणाली. “पण गावानं ग्रामसभेत ठराव केला, पाण्याच्या टाकीला त्यानं हात लावायचा नाही. तो पंचायतीच्या व्हरांड्यात बसून असतो. सकाळी येतो, संध्याकाळी जातो.”

“भेटला तुला?”

“तालुक्याला भेटला. मी त्याला अहवालाची प्रत द्यायला गेले होते.”

“काय म्हणाला?”

शलाकानं क्षणभर आठवून पाहिलं. त्याचे शब्द तिला जसेच्या तसे आठवत होते.

“म्हणाला, ताई, आदी राग तरी हुता, साहेबानं ऐकलं न्हाई म्हनून. रात निघायची त्या रागावर. आता राग कुनावर धरू? त्येंच्यापत्तूर गेलंच न्हाई. आता आसं वाटतंय, बोट दाबून खूण बघून म्या घरला कशाला आलो. टाकीवर चडून बोंब मारायला पायजे हुती. सुवर्णीचं दार आमच्या वाटंवर हाय. आता म्या ती वाट सोडली.”

सरांनी डोळे मिटले.

“सुवर्णाच्या घरी गेली होतीस?”

“गेले होते. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. मी बोलायला लागले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पूड नव्हती हे त्या दगडूला ठाऊक होतं ना? मी हो म्हटलं. मग त्यानं दार लावलं.”

सरांनी पाय जवळ घेतले.

“माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, सर. काही लपवून ठेवलं नाही. नोकरी गेली, त्याचंही वाईट वाटलं नाही.”

गल्लीतून एक हातगाडी गेली. तिची चाकं दगडांवरून खडखडत लांब गेली.

“झोप लागते?” सरांनी विचारलं.

“लागते. पहिले काही दिवस नव्हती लागत. आता लागते.” ती भिंतीला टेकली. किती दिवसांनी पाठ सैल झाली होती. “खरं सांगू, सर? सगळं सांगून टाकल्यापासून हलकं वाटतंय.”

“हलकं?”

“हो.”

सरांनी डोळे उघडले आणि तिच्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज वर्गात कौतुक केलं त्या दिवसाइतकाच शांत होता.

“मग ते ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवून आलीस?”